साडेतीनशे घोडे, साडेपाच लिटर तेल

माझ्याकडे मुलं येतात ती आकडा ठरवूनच. "काका, अठराशे सीसीतून साडेतीनशे हॉर्सपॉवर काढून द्याल का?" मी विचारतो, "किती वेळ?" यावर ती एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, आठ-दहा सेकंद साडेतीनशे दाखवणं आता फार अवघड राहिलेलं नाही. सर्किटवर तेच इंजिन वीस-पंचवीस मिनिटं पिळायचं, तेही गाडी सतत डावीउजवीकडे फेकली जात असताना, ही गोष्ट अगदी निराळी.

माझं इंदूरला सांवेर रोडवर क्रँक ग्राइंडिंग आणि बोअरिंगचं शेड आहे. वडील मालवा मिलमध्ये फिटर होते, हाताला मोजमापाची सवय त्यांच्यामुळे लागली. पोट भरतं ते ट्रॅक्टर आणि आयशरच्या ब्लॉकवर. रेसचं इंजिन वर्षाकाठी एखादं, आणि तो शुद्ध शौक. पहिलं इंजिन बांधलं तेव्हा मीही आकड्याच्याच मागे होतो. ओळखीच्या एका टीमबरोबर पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राच्या ११.३ किलोमीटरच्या गोल ट्रॅकवर ते पळवायला मिळालं. दोनशेच्या वर काटा, तेलाचा दाब जागच्या जागी. मी खूश. पुढे तेच इंजिन ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर नेलं. तिसऱ्या फेरीत, १० आणि ११ नंबरच्या त्या न संपणाऱ्या उजव्या वळणात बेअरिंग वाजलं, आणि पुढची फेरी पुरी व्हायच्या आत तीन नंबरचा कनेक्टिंग रॉड ब्लॉकच्या कुशीतून बाहेर.

दोष माझा होता, आणि तो समजायला मला घरी येऊन चार दिवस लागले. नॅट्रॅक्सची वळणं ताशी २५० किलोमीटर वेगाच्या हिशोबाने बाहेरच्या बाजूला उचललेली आहेत. त्या वेगाच्या आसपास गाडीला आडवा जोर जवळजवळ लागतच नाही. तेल चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाशी शहाण्या मुलासारखं बसून राहतं. सपाट वळणात ते भिंतीवर चढतं. म्हणून मी आता इंजिन बांधायला घेतो ते तेलाच्या चेंबरपासून, आणि टर्बोला, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला, हात लावतो सगळ्यात शेवटी.

तरी टर्बोचं गणित मात्र आधीच कागदावर करून ठेवावं लागतं, म्हणजे बाकी किती मजबूत हवं ते कळतं. त्याच्याही आधी ज्या वर्गात धावायचं त्याची नियमावली वाचा. टर्बोवाल्या पेट्रोल इंजिनाची क्षमता एफआयए या मोटारशर्यतींच्या जागतिक संस्थेच्या पद्धतीने १.७ ने गुणतात. म्हणजे १७९८ सीसीचं इंजिन ३०५७ सीसीचं धरलं जातं. आपण कुठल्या पंगतीत बसणार आहोत हे खर्च करण्याआधी कळलेलं बरं.

मी वापरतो ते स्कोडा लॉराचं १.८ टीएसआय. अपघातातल्या गाड्यांमधून मिळतं, ब्लॉक लोखंडी आहे, बोअर ८२.५ मिमी आणि स्ट्रोक ८४.२. कंपनीतून १६० घोडे आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क. ढोबळ हिशोब असा: मिनिटाला एक पौंड हवा म्हणजे दहा घोडे. साडेतीनशेला ३५ पौंड, म्हणजे जवळपास १६ किलो हवा दर मिनिटाला. हे इंजिन ६५०० फेऱ्यांना मिनिटाला साधारण ५५०० लिटर हवा गिळतं. तेवढ्या जागेत १६ किलो बसवायची तर इंटरकूलरनंतर (तो टर्बोची तापलेली हवा गार करतो) ५५ अंश धरून मॅनिफोल्डमध्ये सुमारे १.७ बार बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, लागतो. टॉर्क येतो ३८० च्या पुढे. लॉराचा सात गिअरचा ड्राय-क्लच डीएसजी, म्हणजे स्वतः गिअर बदलणारा गिअरबॉक्स, २५० न्यूटन-मीटरपर्यंतचा असतो, तेव्हा तो विसरा. मॅन्युअल गिअरबॉक्स घ्या.

आता चेंबर. गाडी एक जीच्या आडव्या जोराने वळते तेव्हा चेंबरमधलं तेल ४५ अंशांत तिरकं होतं. स्लिक टायरवर १.३ जी धरा, मग ५२ अंश. माझ्या इंजिनात पंप टायमिंग चेनच्या बाजूला, आणि उजव्या वळणात तेल धावतं गिअरबॉक्सच्या बाजूला, बरोबर उलटं. पंप ज्या जाळीतून तेल ओढतो ती उघडी पडली की पंप हवा ओढतो. प्लेन बेअरिंगला तेलाची फिल्म नसेल तर रेसच्या लोडखाली काही सेकंद पुरतात.

ड्राय सम्प बसवणं, म्हणजे तेल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणं, हा याचा राजमार्ग. परवडत असेल तर हा आणि पुढचा परिच्छेद सोडून द्या. आम्ही चेंबर कापतो. मूळ ४.६ लिटर तेल असतं. जमिनीपासूनची उंची न घालवता बाजूने वाढवून मी साडेपाच लिटर करतो. जाळीभोवती १.६ मिमी पत्र्याची चौकोनी खोली, तिच्या प्रत्येक भिंतीला आत उघडणारं दार. तेल जाळीकडे येताना दार उघडतं, परत पळायला लागलं की दार आपोआप मिटतं. वर आडवा पत्रा, म्हणजे तेल क्रँकच्या अंगावर उडत नाही. दारांच्या बिजागऱ्या वेल्डिंग झाल्यावर बसवा. मी आधी बसवल्या होत्या, एका बिजागरीत वेल्डिंगचा ठिपका अडकला आणि दार अर्धं उघडं राहिलं. ते बाहेरून कधीच दिसलं नसतं.

दिसलं ते तपासणीमुळे, आणि ही तपासणी कोणालाही घरी करता येईल. चेंबरच्या तोंडावर १० मिमी जाडीची पारदर्शक अॅक्रिलिकची पाटी फोमची पट्टी घालून सीक्लॅम्पने आवळतो. आत चार लिटर जुनं तेल ओततो. साडेपाच नाही, कारण चालू इंजिनात लिटर-दीड लिटर तेल वर हेडमध्ये आणि वाटेत असतं. मग सुताराकडून करून घेतलेल्या तिरक्या लाकडी घोडीवर चेंबर ठेवायचं, आधी ४५ अंश, मग ५२. स्थिर वळणात तेलाची पातळी जशी दिसते तशीच इथे दिसते. टॉर्च मारून बघायचं, जाळीचं तोंड बुडालंय का? चारही बाजूंना कलवायचं. ब्रेक मारताना तेल पुढे धावतं ते लोक विसरतात. तेल गरम करून घ्या, कारण थंड तेल आळसाने हलतं आणि खोटा दिलासा देतं. भाचा ही घोडी बघून म्हणाला, "मामा, पाळणा केलास की!" त्या दिवशी त्याने ते अर्धं उघडं दार पकडलं. हा पाळणा माझ्याकडे पहिल्या इंजिनाच्या वेळी असता तर एक ब्लॉक वाचला असता.

एवढं करूनही एक दाबाचा साठवण-नळकांडा जोडतो. पंपाचा दाब पडला की तो आपल्या पोटातलं तेल इंजिनात ढकलतो, दोन-चार सेकंदांची सोय होते. तेलाचा कूलर मोठा घ्या, आणि त्याला हवा आणून देणारी वाट पत्र्याने बंदिस्त करा. उघड्यावर टांगलेल्या कूलरला वळसा घालून हवा निघून जाते. तेल १०० ते १२० अंशांत हवं, १३० दिसलं की ड्रायव्हरने हात आखडता घ्यायचा.

खालचा भाग. फोर्ज्ड पिस्टन आणि फोर्ज्ड रॉड हवेतच, यावर वाद नको. एवढ्या टॉर्कला मूळ रॉड वाकतात; रॉड वाकवतो तो टॉर्क, हॉर्सपॉवर नव्हे, म्हणून कमी फेऱ्यांवर बूस्टचा डोंगर उभा करणारा ट्यून मला आवडत नाही. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, रॉड मोजल्याशिवाय घालू नका. एकदा आलेल्या संचात एका रॉडचं मोठं तोंड दोन शतांश मिलिमीटर अंडाकृती निघालं आणि वजनात तीन ग्रॅमचा फरक. विकणारा म्हणाला, "सगळे असेच चालवतात." मी ते पुन्हा होन करून, म्हणजे दगडाने घासून गोल करून, घेतले. वजनासाठी माझ्याकडे सराफ्यातून आणलेला सोनं तोलायचा तराजू आहे. दुकानदाराने विचारलं, दागिना कुठलाय? मी पिशवीतून पिस्टन काढला. चारही पिस्टन पिनांसकट आणि चारही रॉड एका ग्रॅमच्या आत आणतो. रॉड दोन्ही टोकांना वेगवेगळे तोलावे लागतात, मोठं टोक वेगळं, लहान वेगळं.

बेअरिंगच्या फटीचा जुना नियम आहे: शाफ्टच्या व्यासाच्या एक हजारांश, आणि रेससाठी त्याहून किंचित सैल. रॉडचं जर्नल, म्हणजे रॉड बसतो तो क्रँकचा गोल भाग, ४८ मिमीच्या आसपास, म्हणजे पाच-सहा शतांश. कॅप पूर्ण आवळून बोअर गेजने तीन दिशांनी मोजा. जर्नल ४७.७९ आलं आणि बेअरिंगचं आतलं माप ४७.८४, तर फट ०.०५, चालेल. चेपून फट दाखवणाऱ्या प्लास्टिगेजच्या पट्टीवर मी निर्णय घेत नाही, फक्त आपली वजाबाकी चुकली नाही ना एवढं बघतो. या फटीला मी १०डब्ल्यू-५० तेल घालतो. रॉडचे बोल्ट टॉर्क रेंचवर न सोडता लांबी मोजून आवळा; बोल्टासोबतच्या कागदावर किती ताणायचा ते दिलेलं असतं.

आता बोअरचं काम, जे माझं रोजचं आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल. हेडचे बोल्ट आवळले की ब्लॉक ओढला जातो आणि बोअर गोल राहत नाही. म्हणून ५० मिमी जाड लोखंडी पाटी करून घेतली आहे, चार भोकं सिलिंडरची आणि बाकी बोल्टांची. ती जुन्या गॅस्केटसकट, हेडच्याच टॉर्कने ब्लॉकवर आवळायची आणि मग होनिंग करायचं. पाटी न लावता गोल केलेला बोअर पाटी लावल्यावर मोजला तर बोल्टांच्या रेषेत दोन शतांशांपर्यंत चेपलेला मी पाहिला आहे. भाच्याला विश्वास बसेना, तेव्हा गेज आत ठेवून त्याच्याच हाताने बोल्ट आवळून घेतले. काटा हळूहळू सरकताना बघून तो गप्प.

२६१८ या अॅल्युमिनियम मिश्रधातूचा पिस्टन असेल तर भिंतीपासून फट आठ ते दहा शतांश ठेवा. त्यात सिलिकॉन अगदी कमी, म्हणून तो तापल्यावर जास्त फुगतो. थंड असताना टकटक आवाज येईल, घाबरू नका. ४०३२ चा पिस्टन कमी फुगतो, त्याला पाच-सहा पुरतात, पण एवढ्या बूस्टला मी २६१८ च घेतो. आणि हे मोजमाप इंदूरच्या मे महिन्यात दुपारी करू नका. शेडमध्ये ४२ अंश असतात. अॅल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट फुगतं. २० अंशांच्या हिशोबापेक्षा फट तिथेच दोन शतांश कमी भरते. आम्ही ब्लॉक, पिस्टन, गेज सगळं रात्रभर एकत्र ठेवतो, पहाटे सहाला मोजतो, आणि मग पोहे-जिलबी. पिस्टन हातात धरून गप्पा मारत बसलात तरी माप बदलतं.

रिंगची फट टर्बोला मोठी लागते. बोअरच्या दर इंचामागे सहा थाऊ (इंचाचे हजारांश); ८२.५ मिमीला वरच्या रिंगची अर्धा मिलिमीटर, दुसरीची पाच-सहा शतांश जास्त. रिंग बोअरमध्ये इंचभर खाली, पिस्टनने ढकलून सरळ बसवा, फीलर गेजने बघा. कानस बाहेरून आत एकाच दिशेने, दोन घास मारले की पुन्हा मोजायचं. फट कमी पडली तर तापून रिंगची दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा वरचा काठ तुटून येतो. जास्त पडली तर थोडा धूर, थोडं तेल. चूक करायचीच तर या बाजूला करा.

कॉम्प्रेशन मूळ ९.६ असतं, मी ९ करतो. एका सिलिंडरचे ४५० सीसी धरले तर वरची जागा ५२ सीसीवरून ५६ होते. फरक चार सीसीचा, चहाचा चमचाही भरत नाही. म्हणून हे काम कॅटलॉगवर सोडू नका. हेडवर काचेची पाटी, ब्युरेटमधून रंगीत पाणी, हेडमधल्या चारही जळणाच्या जागा मोजून काढा.

हेडबद्दल थोडक्यात. व्हॉल्व्ह स्प्रिंग कडक, बहुपदरी स्टीलची गॅस्केट, चांगले स्टड, आणि दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे नसले तरी सपाट. ७००० फेऱ्यांच्या वर जाऊ नका, तिथे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटरच्या जवळ पोचतो. कॅमशाफ्ट मूळचाच राहू द्या. पोर्ट मोठे करण्याचा मोह मुलांना फार होतो. टर्बो असताना त्यातून मिळतं थोडं आणि बिघडतं पुष्कळ.

टर्बो किती मोठा? गॅरेटचा जीटी२८६०आरएस नावाचा एक आहे, जगभर त्याला 'डिस्को पोटॅटो' म्हणतात. आमच्या माळव्यात बटाट्याची कमी नाही, त्यामुळे शेडमध्ये त्याला 'आलू'च म्हणतात. तो ३६० घोड्यांपर्यंतचा. साडेतीनशे हवे असताना ३६० चा टर्बो म्हणजे सतत टाचा उंचावून चालणं. सर्किटवर तो कायम शेवटच्या टोकाला फिरत राहील, हवा जास्त तापवेल. एक माप मोठा घ्या, जी२५-५५० सारखा. त्यात इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. इथे बाहेरची हवा आधीच विरळ, तोच १.७ बार गाठायला टर्बोला चेन्नईपेक्षा जास्त राबावं लागतं, आणि ४० अंशांच्या दुपारी कॉम्प्रेसरमधून हवा १९० अंशांची होऊन निघते. इंटरकूलरवर पैसे वाचवू नका.

टर्बोच्या तेलाची परतीची नळी हा छोटा पण घात करणारा भाग. ती जाड हवी, सरळ खाली उतरती हवी, आणि चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवी. तेल तिथून दाबाने येत नाही, नुसतं गळत येतं. वाटेत बाक आला की टर्बोच्या सीलमधून धूर, आणि लोक टर्बोवाल्याला शिव्या देतात. बॉल बेअरिंगच्या टर्बोला तेल येण्याच्या वाटेवर मिलिमीटरभर भोकाचा रोधक लागतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जाड भिंतीच्या पाइपचा करा, पातळ ३०४ चा पाइप लालभडक होऊन वेल्डजवळ तडकतो. वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, बाहेरचं.

पेट्रोल पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला दोन लिटरच्या जवळ लागतं. थेट सिलिंडरात फवारणाऱ्या मूळ व्यवस्थेला ते झेपत नाही, म्हणून मॅनिफोल्डमध्ये चार जादा इंजेक्टर बसवतो. त्याने इनटेक व्हॉल्व्हवर काजळीही साचत नाही. पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असलं की हवा-इंधनाचे जुने आकडे चुकतात, तेव्हा लॅम्ब्डावर बोला (१ म्हणजे हवा इंधनाला नेमकी पुरेशी, त्याखाली इंधन जादा): पूर्ण लोडला ०.८० च्या आसपास. ऑक्टेन कमी असेल तर बूस्ट कमी, ही घासाघीस करायची जागा नाही. प्लग दोन पायऱ्या थंड, फट ०.६.

ट्यूनिंग सुरू करा वेस्टगेटच्या नुसत्या स्प्रिंगवर, ०.७ बारला. नॉक, म्हणजे इंधन अवेळी भडकल्याचा ठोका, ऐकायला कानावर हेडफोन, ब्लॉकला मायक्रोफोन. आकड्यापेक्षा कान लवकर सांगतो. एक्झॉस्टचं तापमान ९०० च्या वर राहायला लागलं तर थांबून कारण शोधा. बूस्ट ०.२ च्या पायऱ्यांनी वाढवा. आणि ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, सगळ्यात आधी भरायचा तक्ता तेलाच्या दाबाचा: दर हजार फेऱ्यांना १० पीएसआय, त्याखाली गेला की इंजिन स्वतःहून बंद. ड्रायव्हर वळणात गेजकडे बघत नाही, बघायलाही नको.

पहिलं तेल साधं मिनरल. प्लग काढून स्टार्टरने दाब येईपर्यंत फिरवा, मगच पेटवा. आयडलवर तासभर घुरघुरत ठेवू नका. रिंग लोडवर बसतात, सोडणं-दाबणं करत अर्धा तास. मग तेल बदला आणि फिल्टर कापा. कापायचा म्हणजे हॅकसॉने नाही, पत्रा कापायच्या कटरने, नाहीतर आपलाच भुसा आत पडतो. आतला कागद उलगडून उन्हात धरा. पहिल्या वेळी थोडी काळपट पूड असतेच, ती चुंबकाला चिकटते, होनिंगची आहे. पुढे ट्रॅकवर प्रत्येक सत्रानंतर हेच. रुपेरी चमक वाढत गेली तर बेअरिंगचा वरचा थर निघतोय, चेंबर उतरवून बघा. तांबूस दिसली तर वरचा थर संपून खालचं तांबं उघडं पडलं आहे. तेव्हा ड्रायव्हर कितीही म्हणो की गाडी मस्त पळतेय, तिला ट्रेलरवर चढवा.

भाचा आता फिल्टरचे कागद फेकत नाही. तारीख आणि ट्रॅक लिहून शेडमध्ये दोरीवर चिमट्यांनी टांगतो, आणि ग्राहक आले की विचारतात, मामा पापड वाळत घातलेत का.